साखर नॉर्मल, मान काळी: इन्सुलिन रेझिस्टन्सची रक्ततपासणी कशी करून घ्यायची

माझ्या मानेच्या मागे काळपट पट्टा होता. दोन-तीन वर्षं होता. आत्या दिवाळीला आली की उटणं लावता लावता हमखास म्हणायची, "अगं, मान घासत नाहीस का नीट? मळ बसलाय." मी साय-बेसन लावून पाहिलं, लिंबाची फोड चोळली, शेवटी टाचा घासायची वज्रीसुद्धा फिरवली. मान सोलवटली, पट्टा जागच्या जागी. त्याच काळात ऑफिसच्या वार्षिक तपासणीत उपाशीपोटीची साखर ९४, ९७, ९६ अशी येत होती. शंभरच्या आत, म्हणजे पास. वडिलांना मधुमेह असूनही मी निर्धास्त होते.

मग गुडघेदुखीसाठी एका नव्या फिजिशियन मॅडमकडे गेले. त्यांनी फाइल उघडायच्या आधी मान बघितली आणि विचारलं, "इन्सुलिन कधी मोजलंय का?" नव्हतं मोजलं. पुढच्या तीन महिन्यांत या तपासणीत करता येण्यासारख्या बहुतेक चुका मी केल्या. पैसे वाया गेले, एक रिपोर्ट तर साफ खोटा आला. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. हे सगळं टेबलाच्या पेशंटकडच्या बाजूने बघितलेलं आहे.

नेमकं मोजायचं काय?

दुपारी पानं वाढली आहेत. आई एकदा हाक मारते, मुलं येऊन बसतात, जेवतात. काही वर्षांनी तीच मुलं पहिल्या हाकेला ढिम्म हलत नाहीत. आई दुसऱ्यांदा, पाचव्यांदा ओरडते, तेव्हा कुठे येतात. पण येतात, आणि पानं दोन्ही काळात रिकामी होतात. नुसती रिकामी पानं बघणाऱ्याला आईचा घसा बसत चाललाय हे कळायचं कसं?

इन्सुलिन म्हणजे ती हाक. स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशी म्हणजे मुलं. पेशी ऐकेनाशा झाल्या (यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात) की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि रक्तातली साखर बरीच वर्षं काबूत ठेवतं. म्हणून साखरेचा रिपोर्ट नॉर्मल येत राहतो. स्वादुपिंड थकलं की आधी जेवणानंतरची, मग उपाशीपोटीची, अशी साखर चढायला लागते. आपल्याला त्याआधी हाकेचा आवाज मोजायचाय.

१. तुम्हाला ही तपासणी हवी आहे का, ते आधी टेपने ठरवा

शिवणकामाची टेप घ्या. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून झाल्यावर, टेप सैलही नाही आणि आवळलेलीही नाही अशी धरा. साडीची गाठ किंवा पँटचा पट्टा जिथे येतो तिथे मोजू नका. पट्टा पोटाखाली सरकलेला असतो आणि आकडा आपल्या सोयीचा येतो. भारतीयांसाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात.

वजन कमी आहे म्हणून ही पायरी ओलांडू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच उदाहरण फोटोसकट छापलं होतं. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हातापायाच्या काड्या आणि पुढे पोट हा आपल्याकडचा घरोघरचा नमुना, त्यामुळे वजनकाट्यावर फार विसंबू नये.

कंबर रेषेपलीकडे असेल आणि त्यासोबत पुढलं काही असेल, तर डॉक्टरांशी बोलायला हरकत नाही: मानेवर, काखेत मखमलीसारखा जाडसर काळपटपणा, मानेवर बारीक चामखिळीसारखे कोंब, पीसीओडी, गरोदरपणात वाढलेली साखर, सोनोग्राफीत दिसलेलं फॅटी लिव्हर, आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला मधुमेह. आयसीएमआर-इंडियाबचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला देशव्यापी अभ्यास पाहिला तर मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात होतं, २६.४ टक्के. तेव्हा गोंयकारांनी टेप थोडी लवकर काढावी.

कोणी ही तपासणी आत्ता करू नये? इन्सुलिनची इंजेक्शनं घेणाऱ्यांनी, कारण रिपोर्टात टोचलेलं इन्सुलिनही मोजलं जाऊ शकतं. गरोदर बायकांनी, कारण त्या काळात रेझिस्टन्स निसर्गतःच वाढतो. त्यांच्यासाठी साखरेची वेगळी चाचणी असते. वयात येणाऱ्या मुलामुलींचंही इन्सुलिन काही काळ वर जातं, म्हणून त्यांचा रिपोर्ट मोठ्यांच्या आकड्यांशी लावू नका.

२. चिठ्ठीवर काय लिहून घ्यायचं

मी पहिल्यांदा जाहिरात बघून 'फुल बॉडी चेकअप' केला. सत्तरच्या वर तपासण्या! घरी येऊन मोजलं तर एकट्या सीबीसीतल्या (रक्तपेशींच्या मोजणीतल्या) प्रत्येक ओळीची एक 'तपासणी' धरली होती. व्हिटॅमिनं होती, थायरॉइड होता, इन्सुलिन कुठेच नव्हतं. पॅकेज घेणारच असाल तर फोन करून एकच प्रश्न विचारा: "यात फास्टिंग इन्सुलिन आहे का?"

आपल्या कामापुरती यादी छोटी आहे:

– उपाशीपोटीची साखर
– उपाशीपोटीचं इन्सुलिन, त्याच टोचणीतून
– एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज)
– लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी)
– एसजीपीटी (यकृतासाठी)
– सीबीसी (एचबीए१सी वाचताना लागतो, पुढे सांगते)

तुमचे डॉक्टर "इन्सुलिन मोजायची गरज नाही" असं म्हणाले तर लगेच डॉक्टर बदलायला धावू नका. त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. इन्सुलिन मोजायची किट कंपनीगणिक वेगळी आहेत आणि त्यांचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. अमुक आकड्याच्या वर रेझिस्टन्स, अशी सर्वमान्य रेषाही नाही. शिवाय कंबर, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक चरबी) आणि मान बघून जे सांगायचं तेच पुष्कळदा रिपोर्ट बघूनही सांगायचं असतं. मला वैयक्तिक फायदा इतकाच झाला की साखरेचे 'पास' रिपोर्ट पुढे करून पळ काढायची माझी वाट बंद झाली.

३. लॅब

एनएबीएल (लॅबचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे का आणि रिपोर्टवर एमडी पॅथॉलॉजिस्टची सही असते का, हे दोन प्रश्न विचारा. तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, पण तो महत्त्वाचा: "इन्सुलिन इथेच करता की नमुना दुसरीकडे पाठवता?" तालुक्याच्या गावी बहुतेक वेळा पाठवतातच. त्यात वावगं काही नाही, फक्त रक्तातला द्रव इथेच वेगळा काढून थंड पेटीतून पाठवतात ना, एवढं विचारून घ्या. आणि एकदा ठरवलेली लॅब बदलू नका. किट बदललं की जुना आणि नवा आकडा शेजारी ठेवण्यात अर्थ उरत नाही.

४. आदल्या तीन-चार दिवसांत काय करायचं, काय नाही

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात.

तपासणी ठरली की लोक भात सोडतात. चार दिवस सॅलड खाऊन लॅबमध्ये जायचं, म्हणजे पाहुणे यायच्या आधी सगळा पसारा पलंगाखाली ढकलण्यासारखं. रोज खाता तेच खा. रोज चालत असाल तर चाला. पण आदल्या दिवशी हुरूप येऊन सिंहगड चढू नका, दमछाक करणाऱ्या व्यायामानंतर पेशी दिवस-दोन दिवस जास्त ऐकतात. लग्नाच्या वऱ्हाडातून किंवा रात्रपाळीवरून थेट लॅबमध्येही नको, कारण एका रात्रीच्या जागरणानेही इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. ताप, डेंग्यू, दाढेचं इन्फेक्शन असं काही झालं असेल तर बरं होऊन दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

गोळ्यांची यादी करा आणि डॉक्टरांना दाखवा. मेटफॉर्मिन, स्टेरॉइड, थायरॉइड, सगळं त्यात लिहा. सांध्यात घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शनही सांगा, लोक ते औषधात धरतच नाहीत. स्वतःच्या मनाने कुठलंही औषध बंद करू नका.

आता केस गळतीच्या गोळ्या. यांत बायोटिन असतं, बऱ्याच गोळ्यांत चांगलं ५ ते १० मिलिग्रॅम. इन्सुलिन मोजायच्या काही पद्धतींत बायोटिन मध्ये लुडबुड करतं आणि आकडा खोटाच कमी दाखवतं. थायरॉइडच्या रिपोर्टचीही हीच गत होऊ शकते. डॉक्टरांना विचारून किमान दोन-तीन दिवस आधी त्या थांबवायच्या असतात. मी तेव्हा रोज एक घेत होते आणि 'औषध' या रकान्यात 'काही नाही' असं लिहून मोकळी झाले होते.

आणि उपाशीपोट. आठ तास तरी हवंच, दहा-बारा उत्तम. त्याच्याही पुढे उगाच ताणू नका. रात्री नऊला जेवण, सकाळी सात-साडेसातला सुई, हे सोपं गणित. साधं पाणी हवं तितकं प्या. चहा नाही. 'नुसता कोरा' पण नाही. तंबाखू, सिगारेट, मिश्री नाही.

उपाशी आणि उपास यांत फरक आहे, हे लिहावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. पण माझ्या पुढच्या खुर्चीतल्या काकांना लॅबमधल्या मुलीने विचारलं, "उपाशी आहात ना?" काका ठामपणे म्हणाले, "हो तर, चतुर्थी आहे." तिला अनुभव असावा, कारण तिने सुई उघडली नाही. "सकाळपासून काही खाल्लं?" "काही नाही. फक्त साबुदाण्याची खिचडी, वाटीभर." ती न हसता म्हणाली, "काका, उद्या या. उद्या उपास करू नका, उपाशी या."

सोबत न्यायच्या वस्तू: डॉक्टरांची चिठ्ठी, जुने रिपोर्ट, औषधांची यादी, पाण्याची बाटली आणि टोचून झाल्यावर खायला डबा. डबा विसरलात तर लॅबखालच्या गाडीवरचा वडापाव समोर उभा असतो, आणि या तपासणीनंतर तो खाताना उगाच अपराधी वाटतं.

५. सुई टोचताना नळ्यांकडे बघा

माझा खोटा रिपोर्ट इथे तयार झाला. घरी रक्त न्यायला आलेल्या मुलाने सगळं रक्त एकाच साध्या नळीत घेतलं. शीर सापडत नव्हती, तीनदा टोचलं, पिस्टन खसाखसा ओढला आणि नळी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात टाकून तो पुढच्या सहा घरांना गेला. मे महिना होता. रक्त लॅबमध्ये दुपारी पोचलं. संध्याकाळी रिपोर्ट: साखर ७४, इन्सुलिन ५.२. मी खुशीत. मॅडमनी मात्र तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं: 'नमुना हिमोलाइज्ड'.

झालं होतं असं. नळीतल्या रक्तपेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. काही घातलेलं नसेल तर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. म्हणून साखरेची नळी वेगळी, राखाडी बुचाची, तिच्यात फ्लोराइड असतं. दुसरं, तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं एक एन्झाइम बाहेर येतं आणि इन्सुलिनचे तुकडे करतं. पेशी फुटणं म्हणजेच हिमोलिसिस. माझ्या बाबतीत इन्सुलिन पेशींनी खाल्लं की केसांच्या गोळीने लपवलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. दोघांवरही संशय आहे.

तेव्हा टोचून घेताना एवढं बघा: राखाडी बूच साखरेसाठी, जांभळं एचबीए१सी आणि सीबीसीसाठी, लाल किंवा पिवळं इन्सुलिन आणि लिपिडसाठी. साखर आणि इन्सुलिन एकाच वेळी काढलेलं हवं. "साखर कालची आहे, तीच धरू" हे चालत नाही. नळी हळुवार उलटीसुलटी करायची असते, सरबताच्या बाटलीसारखी हलवायची नसते. शक्य असेल तर लॅबमध्ये स्वतः जा. घरीच बोलवायचं असेल तर पहिला नंबर मागू नका, लॅबकडे परतताना शेवटचं घर तुमचं असू द्या. रक्त न्यायला आलेल्या मुलावर चिडू नका. एका सकाळी किती घरं करायची हे तो ठरवत नाही.

६. गणित: कॅल्क्युलेटर काढा

गोळ्या थांबवून, दहा दिवसांनी, लॅबमध्ये जाऊन मी पुन्हा रक्त दिलं. साखर ९६, इन्सुलिन १६.८. इन्सुलिनपुढे छापलेली नॉर्मल मर्यादा होती २.६ ते २४.९. म्हणजे पुन्हा पास!

हा सापळा नीट समजून घ्या. ही मर्यादा म्हणजे तपासलेल्या माणसांपैकी बहुतेकांचे आकडे कुठे पडले, त्याची पट्टी. त्या माणसांत घसा बसलेल्या आयाही आल्या. १६.८ पुरेसं की जास्त, हे साखर शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. त्यासाठी होमा-आयआर हा हिशेब आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९८५ मध्ये तो मांडला:

उपाशीपोटीचं इन्सुलिन × उपाशीपोटीची साखर ÷ ४०५

माझं: १६.८ × ९६ = १६१२.८. भागिले ४०५, म्हणजे ३.९८.
खोट्या रिपोर्टचं: ५.२ × ७४ ÷ ४०५ = ०.९५.

निरोगी तरुण माणसाचं मूल्य साधारण १ यावं अशी या सूत्राची बांधणी आहे. दोनच्या आत असेल तर बहुतेक डॉक्टर पुढे जातात, २.५ च्या वर असेल तर बरेच जण रेझिस्टन्स धरतात, मधला भाग धूसर. पण ही २.५ ची रेषा दगडावरची नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळ्या रेषा आल्या आहेत, त्यामुळे २.४ आला म्हणून पेढे वाटू नका आणि २.६ आला म्हणून झोप उडवू नका.

एककं तपासा. ४०५ ने भागायचं ते साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असेल तेव्हा. लंडन, टोरांटो, मेलबर्नकडच्या मंडळींचा रिपोर्ट मिलिमोलमध्ये येतो, म्हणजे साखर ५.३ वगैरे, तिथे भागाकार २२.५ ने. इन्सुलिन पिकोमोलमध्ये असेल तर आधी साधारण ६ ने भागून घ्या. माझ्या मावसभावाने हे न करता गुणाकार केला आणि त्याचा होमा २० च्या वर गेला. मध्यरात्री त्याचा फोन.

काही रिपोर्टवर होमा-२ छापलेलं असतं. ते संगणकाने काढलेलं सुधारित मॉडेल आहे आणि त्याचे आकडे साध्या सूत्रापेक्षा कमी येतात. दोघांची तुलना करू नका.

अजून एक. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात स्वादुपिंड थकून इन्सुलिनच कमी बनतं. मग होमा 'छान' येतो आणि परिस्थिती तशी नसते. मधुमेह आधीच निदान झालेला असेल तर हे गणित घरी बसून करू नका.

पक्की मोजणी करायचीच तर 'क्लॅम्प' नावाची पद्धत आहे: शिरेतून इन्सुलिन ठरावीक वेगाने सोडत राहायचं, सोबत ग्लुकोज असं सोडायचं की साखर जागची हलू नये, आणि दर काही मिनिटांनी रक्त काढून किती ग्लुकोज लागलं ते बघायचं. जास्त लागलं तर पेशी ऐकतायत. तास न् तास चालणारं हे काम संशोधनातच होतं. होमा हा त्याच्यापुढे अंदाज आहे, हे लक्षात असू द्या.

७. इन्सुलिन न मोजताही बरंच कळतं

लिपिड प्रोफाइलमध्ये सगळ्यांची नजर कोलेस्टेरॉलवर जाते. तुम्ही ट्रायग्लिसराइड्सला एचडीएलने ('चांगल्या' कोलेस्टेरॉलने) भागा. माझं १८६ भागिले ३८, म्हणजे ४.९. मिलिग्रॅमच्या रिपोर्टात हा भागाकार ३ च्या वर गेला की रेझिस्टन्सचा संशय घेतात. इन्सुलिन वाढलं की यकृत जास्त ट्रायग्लिसराइड्स रक्तात सोडतं आणि एचडीएल खाली जातं, म्हणून ही जोडी एकत्र बोलते. माझे तीन वर्षांचे जुने रिपोर्ट काढले तर तिन्हींत हा भागाकार चारच्या वर होता. एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) नॉर्मल असल्यामुळे त्या पानाकडे कोणीच बघितलं नव्हतं, मीसुद्धा. नवीन एक पैसा खर्च करायच्या आधी तुमची जुनी फाइल काढा आणि हा भागाकार करून बघा.

आदल्या रात्री मटण-पार्टी किंवा दारू झाली असेल तर मात्र ट्रायग्लिसराइड्स फुगलेले येतात.

८. ग्लुकोज पिऊन करायची तपासणी

ही सगळ्यांना लागत नाही. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ च्या पट्ट्यात असेल किंवा डॉक्टरांना शंका असेल तर सांगतात. आधीचे तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेलेली हवीत, म्हणून इथे तर भात-पोळी सोडायचीच नाही. उपाशीपोटी रक्त घेतात, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पेलाभर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायचं. आपल्याकडची पावडर बहुधा मोनोहायड्रेट असते, तिची ८२.५ ग्रॅम घ्यावी लागते. हे लॅबचं काम, पण 'दोन चमचे घरचं ग्लुकोज घालून आणा' असं कोणी सांगितलं तर दुसरी लॅब शोधा. मळमळतं. लिंबू पिळून चालेल का ते विचारा, बरेच जण चालवून घेतात. उलटी झाली तर तपासणी बाद, वेगळ्या दिवशी पुन्हा.

घड्याळ पहिल्या घोटापासून लावायचं. दोन तास तिथेच बसून राहायचं. बाजार करून येते, जिना चढून येते, असं नाही, चालण्याने साखर उतरते. दोन तासांनी १४० च्या आत नॉर्मल, १४० ते १९९ पूर्व-मधुमेह, २०० पासून मधुमेह. डॉक्टर सोबत इन्सुलिनही लिहितात तेव्हा ते साधारण तासाभरानंतर उतरणीला लागतंय का हे बघतात. दुसऱ्या तासाला ते चढतच असेल तर ती बसलेल्या घशाची हाक. याचे ठाम आकडे मात्र नाहीत, त्यामुळे हा आलेख डॉक्टरांकडूनच वाचून घ्या.

९. एचबीए१सी वाचताना

५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ पूर्व-मधुमेह, ६.५ पासून मधुमेह. पण हा आकडा साखर आणि तांबड्या पेशींचं आयुष्य या दोघांवर चालतो. लोह कमी असलेल्या पांडुरोगात तो खोटाच वर जातो, आणि आपल्याकडे किती बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असतं हे घरातल्या फाइली बघून सांगा. उलट सिकलसेल, थॅलेसेमिया किंवा नुकताच झालेला मोठा रक्तस्राव असेल तर फसवा कमी येतो. गडचिरोली, नंदुरबारसारख्या सिकलसेलच्या पट्ट्यातल्या वाचकांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. यादीत सीबीसी ठेवायचं कारण हेच. आणि एचबीए१सी ५.४ आला म्हणजे रेझिस्टन्स नाही असं ठरत नाही. तोही शेवटी रिकामी पानंच मोजतो.

१०. पुन्हा कधी?

दर महिन्याला नको. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे तीन महिन्यांच्या आत एचबीए१सीकडून काही नवीन कळत नाही. इन्सुलिन तर रक्तात लाटांनी, दर काही मिनिटांनी वरखाली होतं. त्याच माणसाचं त्याच आठवड्यात दोनदा मोजलं तरी फरक येतो.

तीन महिने रात्रीचं जेवण लवकर, जेवणानंतर वीस मिनिटं चालणं आणि आठवड्यातून तीनदा वजनं उचलणं, इतकं केल्यावर माझी साखर ९३, इन्सुलिन १३.९. होमा ३.१९. मी हा आकडा मोठ्या थाटात मॅडमपुढे ठेवला. त्या म्हणाल्या, "एवढा फरक नुसत्या सुईचाही असू शकतो." मग त्यांनी लिपिडचं पान उलटलं: ट्रायग्लिसराइड्स १८६ वरून १३१, एचडीएल ३८ वरून ४१. कंबर ९१ वरून ८६. "हे खरं," म्हणाल्या. आता पुढचं इन्सुलिन वर्षाने. मधल्या काळात टेप आणि लिपिड.

मानेचा पट्टा फिका झालाय, गेलेला नाही. आत्या यंदा आली तेव्हा तिने वाटीत उटणं कालवायला घेतलं आणि मी टेप काढली. तिची कंबर ९४. मान बघितली तर माझ्यापेक्षा काळी. "आमच्या घराण्यातच अशी मान," ती म्हणाली, "तुझ्या बाबाचीही होती." तिची चिठ्ठी घेऊन ठेवली आहे. मंगळवारी सकाळी सातला लॅबमध्ये जायचंय. त्या दिवशी अंगारकी नाही ना, ते आधी कॅलेंडरात बघून घेतलं.